मदतीचे पान

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागात वणी तालुका आहे. तेथील जमिनीच्या पोटात दगडी कोळसा आहे, चुनखडीही आहे. या तालुक्यात, वणी शहरापासून थोड्याच अंतरावर, राजूर हे गाव वसले आहे. कोळशाच्या खाणीमुळे ते ‘राजूर कॉलरी’ या नावानेही ओळखले जाते.

मुलांनो, अशी कल्पना करा की, या राजूर गावातील एक मुलगी बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाली आहे आणि तिला महाविद्यालयात जावयाचे आहे. यवतमाळ जिल्हा ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो, ते संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले. त्याचे मुख्य ठिकाण अमरावती. राजूरपासून दीडशे किलोमीटरहून अधिक दूर. पूर्वी प्रवेशाचे अर्ज कागदावर भरीत असत. काही अडले, तर खिडकीपाशी बसलेल्या कारकुनाला विचारता येई. तो कधी नीट सांगे, कधी वसकन ओरडे. परंतु निदान माणूस समोर असे. आता असे कितीतरी अर्ज संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर भरावे लागतात.

रात्रीचे दहा वाजले आहेत. अर्जाची मुदत उद्या संपणार आहे. मुलीने अर्ज उघडला, तो यंत्र तिला परवलीचा शब्द विचारू लागले. आणि नेमका तोच ती विसरली आहे! कार्यालय बंद आहे. ज्यांना विचारावे ते शेजारचे काका खाणीत रात्रपाळीला गेले आहेत. आता तिला एकच आधार उरला. तो म्हणजे पडद्यावर उघडणारे मदतीचे पान. त्या पानावरील पाचसहा वाक्ये नीट लिहिलेली असतील, तर ती रात्रीतच अर्ज पाठवून निश्चिंत झोपेल. ती वाक्ये अस्पष्ट असतील, तर कदाचित तिचे सबंध वर्ष वाया जाईल. पाचसहा वाक्यांवर केवढा हा भार! अशी पाने कशी लिहावीत व लिहिलेली कशी सुधारावीत, याचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

ही पाने लिहितो कोण? अनेक विद्यापीठांत ती एकटा मनुष्य लिहीत नाही. यंत्रे बदलतात, अर्जांचे नमुने बदलतात. एका माणसाने किती म्हणून पुरे पडावे? म्हणून तेथील कर्मचारी, अध्यापक आणि कधी कधी विद्यार्थीही मिळून ती लिहितात. ज्याला चूक दिसेल त्याने ती दुरुस्त करावी, अशी त्यात सोय असते. अशा संग्रहाला ‘विकी’ म्हणतात. हा शब्द हवाई बेटांवरील भाषेतला असून त्याचा अर्थ ‘लवकर’ असा आहे. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन गृहस्थाने १९९५ साली असा पहिला संग्रह सुरू केला. होनोलुलूच्या विमानतळावर प्रवाशांची ने-आण करणाऱ्या बसगाडीचे ‘विकी विकी’ हे नाव त्याच्या ध्यानात राहिले होते. तेच त्याने आपल्या संग्रहाला दिले. पुढे २००१ साली याच रीतीने ‘विकिपीडिया’ हा कोश सुरू झाला आणि १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी, त्याची मराठी आवृत्ती निघाली.

अनेकांनी मिळून एक ग्रंथ सिद्ध करावा ही कल्पना मात्र आपल्याकडे नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर या गावी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ सिद्ध केला. चक्रधरस्वामींच्या सहवासात जी जी माणसे राहिली होती, त्यांना गाठून म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी मिळविल्या आणि नागदेवाचार्यांशी विचारविनिमय करून त्या पारखून घेतल्या. जेथे एकाचे सांगणे दुसऱ्याशी जुळले नाही, तेथे एकाला खोटे ठरवून ते मोकळे झाले नाहीत. कोण काय म्हणतो, हे त्यांनी नावानिशी नोंदवून ठेवले. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही सचोटी पाहून मन थक्क होते. विसाव्या शतकात श्रीधर व्यंकटेश केतकरांनी अनेक सहकाऱ्यांच्या साहाय्याने ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ तेवीस खंडांत प्रसिद्ध केला. त्यानंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे ‘मराठी विश्वकोशा’चे कार्य सुरू झाले.

परंतु या सर्व ग्रंथांना एक संपादक होता. लेखक शंभर असोत. अखेरीस एका जाणत्या माणसाच्या नजरेखालून सर्व मजकूर जाई. कोठे भाषा सैल झाली, कोठे एकाच वस्तूला दोन नावे पडली, ते तो पाहून घेई. विकीत असा शेवटचा माणूस नसतो; कारण तेथे शेवट असा नसतोच. आज लिहिलेले पान उद्या दुसरा कोणी बदलील, परवा तिसरा. म्हणून सर्वांनी मिळून आधी काही नियम ठरवावे लागतात. संपादकाचे काम तेथे नियमच करतात.

पहिला प्रश्न नावाचा. ‘राजूर’ असे नुसते नाव दिलेले पान उघडले, तर ते कोणत्या राजूरचे? एक राजूर आपण पाहिले, वणी तालुक्यातले. दुसरे अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात आहे. तिसरे जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यात असून तेथील गणपतीच्या दर्शनास दूरदूरचे लोक जातात. एकाला खाणीची माहिती हवी आणि हाती यावे देवळाचे पान, असे होऊ नये म्हणून पानाचे नाव ‘राजूर, वणी तालुका, यवतमाळ जिल्हा’ असे पुरते लिहावे. मदतीच्या पानालाही हेच लागू आहे. ‘अडचणी’ हे काही पानाचे नाव नव्हे. ‘परवलीचा शब्द विसरल्यास काय करावे’ हे नाव होय. कारण अडलेला मनुष्य नेमके हेच शब्द मनात घेऊन शोधावयास येतो.

पानाच्या नावाइतकेच वस्तूंचे नावही महत्त्वाचे. निबंध लिहिताना एकच शब्द वारंवार आला, तर गुरुजी तो बदलावयास सांगतात. सूर्याला एकदा भास्कर म्हटले, एकदा रवी म्हटले, तर निबंधाला शोभा येते. मदतीच्या पानावर ही शोभा घातक ठरते. पहिल्या ओळीत ‘परवलीचा शब्द’, दुसरीत ‘संकेतशब्द’ आणि तिसरीत ‘पासवर्ड’ असे लिहिले, तर राजूरच्या त्या मुलीला वाटेल की, या तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत आणि आपल्यापाशी तर एकही नाही! यांपैकी कोणता शब्द चांगला, यावर वाद घालावयाचा असेल तर खुशाल घालावा. परंतु एकदा ठरला की सर्व पानांवर तोच ठेवावा. आणि बटणावर जी अक्षरे आहेत ती तशीच उतरवावीत. पडद्यावर ‘जतन करा’ असे असेल, तर पानावर ‘साठवा’ असे लिहू नये. अर्थ एकच असला तरी डोळे अर्थ शोधीत नसतात. ते अक्षरे शोधीत असतात.

आता क्रमाकडे वळू. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गोष्ट वाचणारा मनुष्य आधी सर्व वाचतो आणि मग विचार करतो. मदतीचे पान वाचणाराचे तसे नसते. त्याचा एक डोळा पानावर असतो आणि बोट यंत्रावर असते. एक वाक्य वाचले की तो तेवढे करून टाकतो. खाणीतील कामगाराला कोणी अशी सूचना लिहून दिली की, ‘सुरुंगाला बत्ती द्यावी. तत्पूर्वी सर्व माणसांना दूर न्यावे’, तर काय अनर्थ होईल? दोन्ही वाक्ये खरी आहेत, शुद्ध आहेत, परंतु त्यांचा क्रम जीवघेणा आहे. अर्ज भरताना कोणाचा जीव जात नाही हे खरे. तथापि ‘पाठवा हे बटण दाबा’ असे आधी सांगून ‘मात्र त्याआधी छायाचित्र जोडण्यास विसरू नका’ असे मागाहून सांगितले, तर तोवर अर्ज छायाचित्राविना निघून गेलेला असतो. यासाठी धोक्याची सूचना कृतीच्या आधी यावी. ‘असे असेल तर’ हा भाग वाक्याच्या आरंभी यावा. आणि एका वाक्यात एकच कृती असावी.

या कृतींना १, २, ३ असे क्रमांक द्यावेत. क्रमांकाचा उपयोग शोभेपुरता नाही. मध्येच वीज गेली, तर परत आल्यावर ‘आपण चौथ्या पायरीवर होतो’ एवढे तरी आठवते. पायऱ्या नऊदहाच्या वर जाऊ लागल्या, तर दोन पाने करावीत.

भाषा कशी असावी? आपल्याकडे सरकारी कागदांची एक भाषा आहे. ‘सदर अर्ज विहित मुदतीत सादर करण्यात यावा’ अशी वाक्ये तुम्ही सूचनाफलकावर पाहिली असतील. करण्यात यावा, पण कोणी? वाचणाऱ्याला वाटते, दुसरे कोणी करील. त्याऐवजी ‘तुम्ही हा अर्ज ३० जूनपूर्वी पाठवा’ असे सरळ लिहावे. यवतमाळ जिल्ह्यात कोलामी आणि गोंडी बोलणारी कुटुंबेही आहेत. त्यांच्या मुलांची मराठी ही शाळेत शिकलेली भाषा असते. वऱ्हाडी बोलीत वाढलेल्या मुलालाही पुस्तकी शब्द एकदम उलगडत नाहीत. लहान वाक्य आणि नेहमीचा शब्द यांनी विद्वानाचे काही बिघडत नाही. या मुलांचे मात्र काम होते. येथे एक बजावून सांगावेसे वाटते. ‘हे अगदी सोपे आहे’, ‘हे कोणालाही जमेल’ असली वाक्ये लेखक धीर देण्यासाठी लिहितो. परंतु ज्याला ते जमत नाही, तो ती वाचून मनात खजील होतो. तो अडला म्हणूनच तर पानाकडे आला! तेव्हा सोपे आहे असे म्हणू नये. सोपे करून दाखवावे.

काळाचे शब्दही जपून वापरावेत. ‘सध्या’, ‘नुकतेच’, ‘यंदा’, ‘नवीन’ हे शब्द लिहिताना ताजे असतात. दोन वर्षांनी तेच खोटे बोलू लागतात. वर आपण अहिल्यानगर जिल्हा म्हटले. तोच पूर्वीचा अहमदनगर जिल्हा. त्याचे नाव २०२४ साली बदलले. ‘नुकतेच नाव बदलले’ असे कोणी लिहून ठेवले, तर २०४० साली वाचणाऱ्याने काय समजावे? ‘२०२४ साली बदलले’ हे वाक्य मात्र कधीच शिळे होणार नाही. मदतीच्या पानाच्या तळाशी ‘या पायऱ्या अमुक तारखेस करून पाहिल्या’ अशी एक ओळ असावी. वाचणाऱ्याला त्यावरून पानावर किती विसंबावे हे कळते.

पानाच्या मांडणीविषयी थोडे सांगतो. काहींना रंगांचा फार सोस असतो. एक ओळ तांबडी, एक हिरवी, मध्येच ठळक अक्षरे. पान म्हणजे जणू जत्रेतले दुकान! ठळक अक्षरे बटणांच्या नावांसाठी राखून ठेवावीत. सगळेच ठळक केले, तर ठळक काहीच राहत नाही. केवळ ‘तांबडे बटण दाबा’ असेही लिहू नये. काही माणसांना तांबडा आणि हिरवा यांतील भेद दिसत नाही. काहींना मुळीच दिसत नाही. त्यांच्यासाठी यंत्र पानावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविते. अशा वाचकाला ‘शेजारील चित्र पाहा’ या सूचनेचा काय उपयोग? चित्र अवश्य द्यावे, पण चित्रात जे दिसते ते शब्दांतही लिहावे. दुसऱ्या पानाकडे जाण्याचा दुवा देताना ‘येथे टिचकी मारा’ असे लिहिण्याची खोड सर्वत्र पसरली आहे. अंध वाचक पानावरील सर्व दुव्यांची यादी ऐकतो, तेव्हा त्याच्या कानी ‘येथे, येथे, येथे’ एवढेच पडते! ‘छायाचित्र कसे जोडावे’ असे त्या पानाचे नावच दुव्यावर लिहिले, तर डोळस आणि अंध दोघांचेही भागते.

लिपीची गोष्ट आणखी निराळी. पूर्वी संगणकावर मराठी लिहिण्यासाठी निरनिराळे अक्षरसंच होते. एका संचात लिहिलेला मजकूर तो संच नसलेल्या यंत्रावर उघडला, की देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हे उमटत. जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एक ठराविक क्रमांक देणारी ‘युनिकोड’ ही पद्धत १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यात देवनागरीलाही स्थान मिळाले. म्हणून मदतीचे पान युनिकोडमध्येच लिहावे. शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे नियम पाळावेत. त्यांतील पहिले चौदा १९६२ साली शासनाने मान्य केले आणि १९७२ साली आणखी चार आले. अंकांबाबत थोडा विवेक हवा. मजकुरात देवनागरी अंक शोभतात. परंतु अर्जाच्या चौकटीत इंग्रजी अंकच चालत असतील, तर ‘येथे इंग्रजी अंक लिहा’ असे स्पष्ट सांगावे. नाहीतर बिचारा वाचक दहा वेळा ‘५’ लिहील आणि यंत्र दहा वेळा तो नाकारील.

आता एक नमुना पाहू. पुढील उतारा मुद्दाम वाईट लिहिला आहे.

“आजकाल पासवर्ड विसरणे ही सामान्य बाब आहे. अशा वेळी घाबरण्याचे कारण नाही, कारण ही प्रक्रिया अत्यंत सोपी आहे. खालील तांबडे बटण दाबून संकेतशब्द नव्याने निर्माण करण्यात यावा. मात्र तत्पूर्वी नोंदणीकृत भ्रमणध्वनी जवळ असल्याची खात्री करण्यात यावी.”

त्यातील दोष तुम्हीच शोधा; निदान पाच सापडतील. तेच पान असे लिहिता येईल :

“नोंदणी करताना ज्या भ्रमणध्वनीचा क्रमांक दिला होता, तो जवळ घ्या. त्यावर सहा आकडी क्रमांक येणार आहे.
१. ‘परवलीचा शब्द विसरलात?’ या बटणावर टिचकी मारा.
२. भ्रमणध्वनीवर आलेला सहा आकडी क्रमांक चौकटीत लिहा.
३. नवा परवलीचा शब्द लिहा.
४. ‘जतन करा’ या बटणावर टिचकी मारा.
तो भ्रमणध्वनी जवळ नसेल, तर ‘भ्रमणध्वनी क्रमांक बदलल्यास काय करावे’ हे पान पाहा.”

दुसऱ्या उताऱ्यात अलंकार नाही, पांडित्य नाही. शेवटची ओळ मात्र पुन्हा वाचा. ज्याच्या बाबतीत नेहमीचा मार्ग खुंटला आहे, त्यालाही लेखकाने रस्त्यात सोडलेले नाही.

दुसऱ्याने लिहिलेले पान सुधारणे हे लिहिण्याहून नाजूक काम आहे. कोळशाच्या खाणीत काम पाळ्यांनी चालते. पाळी संपताना तेथील जबाबदार मनुष्य छप्पर, हवा, पाणी यांची पाहणी करून काय दिसले ते नोंदवहीत लिहितो व खाली सही करतो. पुढील पाळीचा मनुष्य ते वाचून मगच कामगारांना कामाला लावतो. ‘सर्व ठीक’ एवढ्याने तेथे भागत नाही. कोठे पाहिले, केव्हा पाहिले, काय आढळले, हे लिहावे लागते. विकीतही प्रत्येक पानामागे अशी नोंदवही असते. मराठी विकिपीडियावर ‘इतिहास पहा’ या शब्दांवर टिचकी मारली, की कोणी केव्हा कोणता बदल केला ते सर्व दिसते. म्हणून बदल करणाऱ्याने त्याचे कारण एका ओळीत लिहावे. ‘दुरुस्ती’ असे नुसते न लिहिता ‘तिसऱ्या पायरीवरील बटणाचे नाव बदलले होते, ते नवे घातले’ असे लिहावे. मागून येणाऱ्याला ते पुरते.

मतभेद झाला तर पानाला जोडलेल्या ‘चर्चा’ या जागी बोलावे. एकाने खोडावे, दुसऱ्याने पुन्हा लिहावे, पहिल्याने पुन्हा खोडावे, असा पोरखेळ मांडू नये. कारण तेवढ्या वेळात कोणी तरी ते अर्धवट पान वाचीत असते. केवळ आपल्याला दुसरा शब्द आवडतो म्हणून दुसऱ्याचे नीट वाक्य मोडू नये. चूक असेल तर सुधारावी, कठीण असेल तर सोपे करावे, शिळे झाले असेल तर ताजे करावे. यांपैकी काहीच नसेल, तर हात आवरावा.

एवढे सगळे करूनही पान उतरले की नाही, हे लेखकाला स्वतःला कळत नाही; त्याला उत्तर आधीच ठाऊक असते. त्यासाठी ज्याला ते काम मुळीच येत नाही, असा मनुष्य शोधावा. आजी चालेल, धाकटा भाऊ चालेल. त्याच्या हाती पान आणि यंत्र द्यावे, आपण शेजारी बसावे आणि तोंडातून अक्षर काढू नये. हे मौन पाळणे भारी कठीण जाते. त्याचे बोट जेथे थांबेल, तेथील वाक्य पुन्हा लिहावे.

स्वाध्याय

१. विकीत संपादकाचे काम नियम करतात, असे लेखकाने का म्हटले आहे?
२. म्हाइंभटांनी आठवणींतील मतभेद कसे हाताळले? विकीवर मतभेद झाल्यास काय करावे, ते सांगून दोहोंतील साम्य दाखवा.
३. ‘सूर्याला भास्कर म्हणणे’ निबंधात चालते, मदतीच्या पानावर का चालत नाही?
४. पाठातील वाईट उताऱ्यातील पाच दोष शोधून लिहा.
५. तुमच्या घरातील एखादे यंत्र कसे सुरू करावे, याचे पान लिहा. ते वर्गातील मित्राला देऊन त्याप्रमाणे कृती करून पाहण्यास सांगा. तो कोठे अडला, त्याची नोंद करा.